पाणी घातल्यावर घट्ट होणारा हँडवॉश: भोसरीतलं एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. कारखाना कोणाचा हे ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. रसायनशास्त्राला मात्र हात लावलेला नाही.

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड आणि फरशीचा क्लीनर असा माल तिथे बनतो. तो पाच लिटरच्या कॅनमधून मेस, हॉटेलं आणि मंगल कार्यालयांना जातो. उत्पादन मालकीणबाई बघतात, त्यांना सगळे ताई म्हणतात. विक्री आणि वसुली त्यांच्या यजमानांकडे. टाकीवर एक मामा आहेत. अर्धं आयुष्य त्यांनी अशाच टाक्यांवर काढलंय, आणि ढवळणीचा आवाज ऐकून बॅच कुठवर आली ते सांगतात. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, वजनकाटा, जुना ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटर (दाटपणा मोजायचं यंत्र) आणि नुकतीच बीएस्सी होऊन लागलेली एक केमिस्ट मुलगी.

हँडवॉशचा फॉर्म्युला अगदी सरधोपट. सत्तर टक्क्यांची एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, मळ काढणारं मुख्य रसायन) पेस्ट १२ टक्के, तीस टक्क्यांचं सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, त्याचं सौम्य जोडीदार) ४ टक्के, थोडं ग्लिसरिन, पाण्यातले धातू बांधून ठेवणारं थोडं ईडीटीए, माल टिकवणारं सोडियम बेंझोएट अर्धा टक्का, रंग, सुगंध आणि दाटपणासाठी २ टक्के मीठ. बाकी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. पीएच साडेसातच्या आसपास यायचा. मुद्दाम कोणी तो तिथे आणत नव्हतं, कच्चा माल मिसळला की आपोआप तेवढा येई. दाटपणा २७ अंशांना तीन हजार सेंटिपॉइजच्या आगेमागे. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती पावसाळ्यात. दोन-तीन मेसमधून कॅन परत आले, उघडले की आंबूस वास. बाहेरच्या लॅबमध्ये तपासणी करून घेतली तर जिवाणूंची संख्या भरमसाठ. साबणाच्या पाण्यात जंतू कसले वाढतात, असं लोकांना वाटतं. पण स्यूडोमोनाससारखे जिवाणू सर्फॅक्टंटच्या, म्हणजे साबणासारख्या रसायनांच्या, पातळ द्रावणात मजेत राहतात.

कारण केमिस्टनेच शोधलं, आणि बरोबर शोधलं. सोडियम बेंझोएट काम करतं ते बेंझोइक ॲसिडच्या रूपात, कारण तो भार नसलेला रेणूच जिवाणूच्या पापुद्र्यातून आत शिरू शकतो. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू या रूपात असतात तो आकडा, ४.२ आहे. पीएच ७.५ असताना बेंझोएटपैकी जेमतेम ०.०५ टक्के भाग या कामाच्या रूपात असतो. पीएच ५.२ ला हाच भाग ९ टक्क्यांवर जातो, ४.८ ला २० टक्क्यांवर. म्हणजे इतके दिवस पैसे मोजून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह नुसतं बसून होतं. त्वचेचा स्वतःचा पीएचही पाचच्या आसपास असतो, तेव्हा विक्रीच्या बाजूनेही हे सोयीचं. ठरलं, सायट्रिक ॲसिड घालून पीएच पाचवर आणायचा. बाकी फॉर्म्युला तसाच.

या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि माझ्या मते तो योग्य होता. पुढची सगळी भानगड ‘बाकी फॉर्म्युला तसाच’ या तीन शब्दांत आहे.

अडचण

पहिली बॅच पाचशे किलोची. मीठ घालून झालं, नेहमीसारखा दाटपणा आला, आणि मग मामांनी सायट्रिक ॲसिडची पूड थेट टाकीत सोडली. अर्ध्या तासात ढवळणीची मोटर कण्हायला लागली. माल इतका घट्ट झाला की आत अडकलेले हवेचे बुडबुडे दुसऱ्या दिवशी सकाळीही जागच्या जागी होते. झारा वर उचलला की लांब तार सुटायची, आणि तुटली की तिचं टोक चक्क मागे ओढलं जायचं. व्हिस्कोमीटरच्या तीन नंबरच्या स्पिंडलला (मालात फिरणाऱ्या दांडीला) १२ आरपीएमवर १०,००० सेंटिपॉइजपर्यंतच वाचता येतं, काटा त्याच्या पार गेला. पंपातून हा माल येणं शक्यच नव्हतं.

मामांकडे उपाय तयार होता. “ताई, अजून मीठ मारतो. जास्त मिठाने पातळ होतं.” आणि झालंही. एकूण मीठ ३.४ टक्क्यांवर गेलं तेव्हा दाटपणा पुन्हा तीन हजारांवर आला. पीएचची पट्टी पाच दाखवत होती. नोंदवहीत पीएच आणि व्हिस्कॉसिटी या दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण झाली आणि माल बाजारात गेला. पुढच्या बॅचेसही याच मापाने निघाल्या.

डिसेंबरात फोन सुरू झाले. कर्वेनगरच्या एका मेसवाल्या काकांची तक्रार ताईंनी मला जशीच्या तशी ऐकवली: “अहो, तुमच्या हँडवॉशमध्ये पाणी घातलं की तो घट्ट होतो. असं कुठे असतं का?” मेसमध्ये हँडवॉश पुरवून वापरायला त्यात पाणी घालतातच. ते घालू नये असं कॅनवर कितीही छापा. इथे मात्र पाणी घातल्यावर बाटलीतला माल पातळ व्हायच्या ऐवजी गोळा होऊन पंप अडकत होता. दुसरी तक्रार वाघोलीकडच्या एका हॉटेलातून आली. रात्री कॅन मागच्या दारी ठेवला होता, सकाळी माल गढूळ झाला आणि तळाशी वेगळा थर दिसला. त्या आठवड्यात पहाटे दहा अंशांच्या खाली पारा गेला होता. तिसरी तक्रार सगळ्यात वाईट, एका कॅनला परत तोच आंबूस वास. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच झालं नव्हतं.

सल्ल्यासाठी मला बोलावलं ते या टप्प्यावर.

टाकीच्या आत काय चाललं होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण तिन्ही तक्रारींची मुळं एकाच ठिकाणी आहेत.

एसएलईएसच्या रेणूला एक तेलकट शेपूट असतं आणि ऋण भाराचं डोकं. पाण्यात त्याचं प्रमाण एका मर्यादेच्या वर गेलं की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा जुळण्या होतात. यांना मिसेल म्हणतात. साबणाच्या द्रावणात असे पुंजके असावेत हे रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडलं, आणि तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. डोक्यांवर सारखाच भार असल्याने ती एकमेकांना ढकलतात, म्हणून मिसेल छोटा आणि गोल राहतो. अशा गोल मिसेलांचं द्रावण पाण्यासारखं वाहतं.

मीठ घातलं की सोडियम आयन डोक्यांच्या आसपास गर्दी करतात. ढकलाढकल कमी होते, डोकी जवळ येतात आणि गोळ्याऐवजी लांब, लवचीक दोऱ्या तयार होतात. जाडी चार-पाच नॅनोमीटर, लांबी शेकडो नॅनोमीटरपासून थेट मायक्रोमीटरपर्यंत. दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावण दाट होतं. पॉलिमरच्या साखळ्याही अशाच गुंततात, पण फरक हा की मिसेलच्या दोऱ्या सतत तुटतात आणि पुन्हा जुळतात. ताण दिला की तो दोरी सरकूनही सुटतो आणि तुटूनही. भौतिकशास्त्रज्ञ मायकेल केट्स यांनी १९८७ मध्ये याचं जे गणित मांडलं त्यावर हा विषय आजही उभा आहे. पहिल्या बॅचची तार मागे ओढली जात होती ती या गुंत्यातल्या लवचीकपणामुळे.

मीठ अजून वाढवलं तर? एका शिखरानंतर दाटपणा उतरायला लागतो. दोऱ्यांना फाटे फुटतात, आणि फाट्याचा जोड दोरीवरून सरकू शकत असल्याने ताण झटकन सुटतो. त्याही पुढे गेलं की द्रावण गढूळ होतं आणि थर वेगळे होतात. म्हणजे मीठ आणि दाटपणा यांचा आलेख डोंगरासारखा, एक चढ आणि एक उतार. तीन हजार सेंटिपॉइज हा आकडा या डोंगरावर दोनदा सापडतो, एकदा चढावर आणि एकदा उतारावर. व्हिस्कोमीटर एकाच वेगाला एकच आकडा देतो. तो चढावरचा की उतारावरचा हे त्याला माहीत नसतं.

आता आम्लता. सीएपीबीच्या रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. नायट्रोजनवरचा धन भार कायमचा, कार्बोक्झिल या आम्लधर्मी टोकावरचा ऋण भार मात्र पीएचवर अवलंबून. पीएच उतरला की कार्बोक्झिल हायड्रोजन आयन उचलतं, रेणू एकूणात धन होतो आणि एसएलईएसच्या ऋण डोक्यांच्या मध्ये चपखल बसतो. ढकलाढकल मिठाविनाच कमी होते.

जाणकार वाचक इथे अडवतील. बीटेनच्या कार्बोक्झिलचा पीकेए दोनच्या आसपास असतो, मग पाच-सहाला त्यावर परिणाम कसा होणार? शंका रास्त आहे. पण तो पीकेए साध्या पाण्यातला. ऋण भाराचा मिसेल हायड्रोजन आयनांना स्वतःकडे खेचतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा पीएच बाहेरच्या द्रावणापेक्षा एक-दोन एककांनी कमी असू शकतो. पृष्ठभागाच्या विद्युत विभवातला (व्होल्टेजमधला) दर ५९ मिलिव्होल्टचा फरक म्हणजे पीएचचं एक एकक. शिवाय बाजारातल्या सीएपीबीत थोडं मोकळं फॅटी ॲसिड उरलेलं असतंच. साडेसातला त्याचा बराच भाग साबणाच्या रूपात, म्हणजे ऋण भारासकट असतो. ऋण मिसेलमध्ये अडकल्यामुळे त्याचा पीकेए पाण्यातल्या पावणेपाचवरून सहा-सातकडे सरकतो. पीएच सहावर आणला की त्यातलं बरंच भार टाकून तेलकट होतं, डोक्यांच्या मध्ये शिरतं आणि दोरी लांबवतं. माझा अंदाज असा की इथे पहिल्या टप्प्यात फॅटी ॲसिडचा हात मोठा होता आणि त्याच्या खाली बीटेनचा. या मालावर दोघांचे वाटे वेगळे मोजले नाहीत, मोजायची गरजही नव्हती.

परिणाम एवढाच की पीएच उतरला की अख्खा डोंगर डावीकडे सरकतो आणि उंचही होतो. आधी शिखर गाठायला जेवढं मीठ लागायचं त्याहून बरंच कमी पुरतं. जुन्या पीएचला २ टक्के मीठ म्हणजे चढाची सुरुवात. नव्या पीएचला तेच २ टक्के म्हणजे जवळपास शिखर. मामांनी बॅच शिखरावरून पलीकडच्या उतारावर उतरवली. त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतंच, जास्त मिठाने पातळ होतं हे त्यांनी हाताने शिकलेलं सत्य आहे. पण उतारावरच्या मालात पाणी घातलं की मिठाचं प्रमाण घटतं आणि माल पुन्हा शिखराकडे चढतो. काकांची बाटली त्यामुळे घट्ट झाली. आणि उतारावरचा माल थर सुटण्याच्या काठावर असतो. थंडीने त्याला पलीकडे ढकललं.

पट्टी आणि मीटर

वासाचा प्रश्न उरला होता. पाचला बेंझोएट काम करायला हवं होतं.

केमिस्टला दहा टक्क्यांचं द्रावण करून मीटरने पीएच घ्यायला सांगितलं. मीटर ५.८ वर थांबला. तिने प्रोब धुऊन, बफरने (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाने) पुन्हा मिळवून पाहिलं. तेच. पट्टी मात्र थेट मालात बुडवली की पाचच दाखवायची.

रंगद्रव्यांवर चालणाऱ्या पट्ट्या सर्फॅक्टंटच्या द्रावणात फसवतात हे फार जुनं आहे. रसायनशास्त्रज्ञ जी. एस. हार्टली यांनी १९३४ मध्येच मिसेल आणि दर्शक (पीएचनुसार रंग बदलणारं द्रव्य) यांच्या भारांवरून ही चूक कोणत्या दिशेने होईल याचा नियम सांगितला होता. ऋण मिसेल धन भाराच्या दर्शकाला चिकटतो, आणि तो दर्शक मिसेलच्या पृष्ठभागावरची आम्लता दाखवायला लागतो, जी बाहेरपेक्षा जास्त असते. त्यात आपला माल हिरव्या रंगाचा. ५.८ ला बेंझोएटचा कामाचा भाग जेमतेम अडीच टक्के. आधीपेक्षा बरा, पण पाणी घातलेल्या बाटलीला पुरेसा नाही.

हे कळल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे अजून खाली न्यायचा. आणि अजून घट्ट होणार.” नेमकं तेच.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग मागे फिरण्याचा. पीएच पुन्हा साडेसात करायचा आणि प्रिझर्व्हेटिव्ह बदलायचं. आयसोथायझोलिनोन त्या पीएचलाही चालतं आणि स्वस्त पडतं. पण ते त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्यांत गणलं जातं. युरोपात धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्याच्या क्लोरो-मिश्रणाला ०.००१५ टक्क्यांची मर्यादा आहे. ताईंच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने ते नको असं लेखी कळवलं होतं. फिनॉक्सीइथेनॉल महाग, आणि ते स्वतः मिसेलमध्ये शिरून दाटपणा पाडतं, म्हणजे मिठाची मापं पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा मार्ग होता आहे तसंच चालू ठेवण्याचा, फक्त मीठ थोडं कमी-जास्त करून. मामांचा कौल याला होता. उन्हाळ्यात चाललंही असतं. मी ठाम विरोध केला तो इथेच. उतारावरच्या मालाला थंडी आणि पाणी हे दोन्ही सोसत नाहीत, आणि पुण्यातल्या मेसमध्ये ही दोन्ही मिळणारच. शिवाय जास्त मीठ आणि आम्लता एकत्र आली की एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला खड्डे पडायची भीती. वेल्डच्या कडेला दोन ठिकाणी तांबूस ठिपके दिसतही होते.

तिसरा पर्याय ताईंच्या यजमानांचा. सीएपीबीच कमी करा, घट्टही कमी होईल आणि पैसेही वाचतील. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर. पण सीएपीबी हातांना सौम्य ठेवतं, एसएलईएस एकट्याने त्वचा कोरडी पाडतं. मेसमधली मंडळी दिवसातून वीसदा हात धुतात. त्याच मालावर विश्वास ठेवून गिऱ्हाईक टिकलंय, तिथे कात्री लावू नये असं ताईंनीच म्हटलं. वाद तिथेच संपला.

प्रॉपिलीन ग्लायकॉल घालून पातळ करण्याचीही सूचना झाली. ते दोऱ्या तोडतं हे खरं. पण ज्या कामाला मीठ कमी करणं पुरतं, त्यासाठी विकतचं रसायन का घालायचं?

उरला तो मार्ग थोडा कंटाळवाणा. पीएच आधी खऱ्या अर्थाने पाचजवळ आणायचा, त्या पीएचचा डोंगर बीकरमध्ये नव्याने काढायचा, आणि चढावरची जागा शोधायची.

काय केलं

आधी पीएच कुठे थांबवायचा यावर चर्चा झाली. केमिस्टला ४.५ हवा होता, बेंझोएटसाठी तो आणखी चांगला. मी ५.० ते ५.२ सुचवला. कारण एक तर डोंगराचा चढ पीएच उतरेल तसा जास्त उभा होत जातो. ४.५ ला मिठाचा चमचाभर फरकही महागात पडला असता. दुसरं, सल्फेट सर्फॅक्टंट जास्त आम्लात हळूहळू तुटतं आणि तुटताना आणखी आम्ल सोडतं. ४.५ म्हणजे लगेच धोका असं नाही, पण सहा महिने उन्हात पडणाऱ्या कॅनबद्दल बोलत असू तर थोडं अंतर राखलेलं बरं. सायट्रिक ॲसिडचा दुसरा पीकेए ४.७६ आहे, त्यामुळे पाचच्या जवळ ते स्वतःच पीएच धरून ठेवतं. साडेसातकडून येताना सुरुवातीचे थेंब पीएच झपाट्याने उतरवतात आणि मग वेग मंदावतो, हे मामांनी टाकीवरही नंतर पाहिलं.

मग मीठ नसलेला पाया बनवला, पीएच ५.१ वर आणला, दोनशे ग्रॅमचे बीकर भरले आणि प्रत्येकात ०.२ टक्क्यांनी वाढतं मीठ घातलं. हवा निघायला रात्रभर झाकून ठेवले, सकाळी २७ अंशांच्या पाण्यात बसवून मोजले. तीच मांडणी ७.५ च्या पीएचला. दोन आलेख एकाच कागदावर काढले तेव्हा मामा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. जुन्या पीएचचं शिखर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, नव्याचं २ टक्क्यांच्या थोडं अलीकडे आणि बरंच उंच. तीन हजारांचा दाटपणा चढावर १.३ टक्के मिठाला मिळत होता.

१.३ च्या जागी चढ उभा आहे हे आलेखात दिसत होतं. म्हणून टाकीत मीठ एकदम घालायचं नाही असं ठरलं. आधी एक टक्का घालायचं, नमुना काढायचा, बीकरमध्ये चिमूट-चिमूट घालून बघायचं आणि उरलेलं त्या हिशोबाने. यातून एक छोटी चाचणीही हाती आली, जी आता तिथे रोज होते. शंभर ग्रॅम मालात चिमूटभर मीठ विरघळवायचं. घट्ट झाला तर चढावर आहोत, पातळ झाला तर उतारावर. व्हिस्कोमीटरला न कळणारी गोष्ट चमच्याला कळते.

क्रमही बदलला. आम्ल आता मिठाच्या आधी, आणि पूड नव्हे तर वीस टक्क्यांचं द्रावण. शेवटची स्थिती कोणत्याही क्रमाने तीच येते, पण घट्ट मालात पूड पडली की ती जिथे पडते तिथेच गोळा धरून बसते, आणि टाकीतला पीएच वर एक, खाली एक होतो. बेंझोएट मात्र आम्लाच्या आधी, पूर्ण पाणी असतानाच विरघळवायचं. आम्ल पाण्यात आधीच असेल तर बेंझोइक ॲसिड पांढरं होऊन बाहेर पडतं.

बाजारातल्या मालाचं काय हा सगळ्यात अवघड निर्णय होता, आणि तो तांत्रिक कमी, पैशांचा जास्त. यजमानांना परत मागवणं पसंत नव्हतं. ताईंनी मागवला. उघडलेले कॅन फेकले, त्यात दुमत नव्हतं. सीलबंद कॅनची जिवाणू तपासणी करून, जे साफ निघाले तेच वाचवले. एक भाग जुना माल, ३.४ टक्के मिठाचा, आणि दोन भाग नवा, मुद्दाम पाव टक्काच मीठ घातलेला. बेरीज बरोबर १.३ येते. पीएच मिसळल्यानंतर पुन्हा ५.१ वर आणला. काही लॉट वाया गेलेच.

निष्पन्न

जानेवारीच्या थंडीत माल स्वच्छ राहिला. पाणी घातलं की आता पातळ होतो, म्हणजे मेसवाल्या काकांना जे हवं होतं ते मिळालं. तरी पाणी घालू नका असं सांगणं आम्ही सोडलेलं नाही, कारण पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं. मे महिन्यात गोडाउनमध्ये चाळीस अंशांच्या आसपास हाच माल बराच सैल झाला. दोऱ्या उष्णतेने आखूड होतात, त्याला इलाज नाही. एका हॉटेलवाल्याने “पातळ आलाय” म्हणून कुरकुर केली. पुढच्या पावसाळ्यात सीलबंद कॅनमधून वासाची तक्रार आली नाही. एका मेसमधून आली, आणि तिथे बाटलीत निम्मं पाणी निघालं. मिठाचं बिल घटलं, पण ते इतकं स्वस्त असतं की त्याचा उल्लेख हौसेपुरता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बॅचआधी दोनशे ग्रॅमचा एक बीकर पुरला असता. पाचशे किलोच्या टाकीत ॲसिड टाकायच्या आधी तेवढे दोनशे ग्रॅम मेजावर घेऊन पीएच उतरवला असता तर मोटर कण्हायच्या आधी चमचा अडकला असता. कारखान्यात वेळ नसतो हे मान्य. पण बीकरला अर्धा तास लागतो.

मला जास्त खटकलं ते नोंदवहीतल्या रकान्यांचं. पीएच आणि व्हिस्कॉसिटी या तिथे दोन स्वतंत्र गोष्टी होत्या, दोन स्वतंत्र खुणा. या मालात एकीला हात लावला की दुसरी हलते. केमिस्टने आता तिसरा रकाना जोडलाय, चिमूट-चाचणीचा, त्यात फक्त ‘चढ’ किंवा ‘उतार’ लिहायचं.

पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारखी संस्था असलेल्या शहरात मला कधीकधी विचारलं जातं की असल्या कामाला चांगला ऱ्हिओमीटर लागत नाही का. लवचीकपणा नेमका मोजायचा तर लागतो. इथे अडलं होतं ते त्यावर नाही.

सीएपीबीचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. ते बनवतानाच त्यात मीठ तयार होतं, पाच-सहा टक्के सहज असतं, आणि पुरवठादार बदलला की हा आकडाही बदलतो, फॅटी ॲसिडचाही. चढ उभा असल्याने एवढ्यानेही बॅच इकडची तिकडे होते. म्हणून नवा ड्रम आला की आधी तीन बीकर लावायचे, एक टक्का, १.३ आणि १.६. ते जुन्या आलेखावर बसले तरच ड्रम टाकीजवळ जातो.

आता ताईंना भांड्यांचं लिक्विडही ‘लिंबाचं’ करून पाचच्या पीएचला हवंय. तिथला पाया ॲसिड स्लरीचा (हे दुसऱ्या जातीचं, सल्फोनेट सर्फॅक्टंट), सीएपीबी नाही, आणि स्लरीच्या सल्फोनेटवर पाच-सातच्या पीएचचा स्वतःचा असा काही परिणाम होत नाही. हँडवॉशचा आलेख तिथे उपयोगाचा नाही. पण त्यात सीडीईए (दाटपणा आणि फेस वाढवणारं, खोबरेल तेलापासून केलेलं रसायन) आहे, आणि सीडीईएमध्ये साबण उरलेला असतो. मामांनी विचारलं, “सर, मग तिथे पण घट्ट होणार का?” केमिस्टने बीकर मांडायला घेतले आहेत.